दिवेलागणीचं विरजण

घाटाखालून येणारी माणसं हिरडखोंडात पहिल्यांदा मुक्कामाला राहिली की एका गोष्टीला हमखास अडखळतात. साऱ्या मुलखात दिवेलागणीनंतर घरातलं विरजण बाहेर देत नाहीत. शेजारीण कितीही जिवाभावाची असो, "आता नको बाई, सकाळी ने," असं सांगून तिला वाटेला लावतात, कारण तिन्हीसांजेला विरजण दिलं की त्याच्यामागून लक्ष्मी जाते म्हणे. आणि इथं बघावं तर नेमक्या त्याच वेळेला घराघरातून बाया, गडी, कधी सुना, कधी जावई, हातात वाटी घेऊन निघालेले. त्यातही गंमत अशी की सगळ्या वाट्या गावातल्या पाच-सहा ठरावीक घरांकडेच चाललेल्या, आणि ती सगळी घरं म्हाताऱ्या माणसांची.

आणखी एक. वाटी घेऊन गेलेला माणूस लगेच परत येत नाही. ओटीवर टेकतो. दिवसभरात काय झालं ते सांगतो, म्हाताऱ्याचं ऐकतो, दोन शिव्या खातो आणि मगच चमचाभर दही घेऊन उठतो. गावात एवढी दुभती जनावरं, पण स्वतःच्या घरचं विरजण स्वतःच्या शिंक्यात ठेवणारं तरणंताठं घर एक नाही. पाहुणे विचारतात, ही कसली रीत? तर ही कोंडाईची रीत. नीट बसून ऐकायची असेल तर सांगतो. ऐकून हसायचं नाही एवढं मात्र आधीच कबूल करा.

गोष्ट फार मागची आहे. किती मागची ते कुणालाच ठाऊक नाही आणि विचारलंत तर प्रत्येक जण वेगळं सांगेल. तेव्हा हिरडखोंडात गवळ्यांची एकतीस घरं होती. डोंगराच्या कुशीत कुडाची, गवतानं शाकारलेली. घरापुढं गोठा आणि गोठ्यात म्हशी. दूध खाली नेण्याइतकी वाट धड नव्हती, म्हणून दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप, आणि तुपाचे डबे डोक्यावर घेऊन बाजार. गावाचा सगळा संसार त्या दह्यावर उभा.

कोंडाई त्या गावात नऊ-दहा वर्षांची असताना नांदायला आली. मूलबाळ म्हणाल तर एक लेक, ती दोन डोंगर ओलांडून पलीकडं दिलेली. नवरा पन्नाशीच्या आत गेला. पण बाई मोठी खमकी. म्हशीच्या नुसत्या हंबरण्यावरून तिचं काय दुखतंय ते सांगायची. दुधात बोट बुडवून सांगायची की आज हिनं कुठल्या बाजूचा पाला खाल्लाय. आणि तोंड असं फटकळ, की भलेभले कारभारी तिच्या ओटीपुढनं जाताना आधीच खाकरायचे.

एका वर्षी खालच्या गावांतून पटकीची साथ वर चढली. चार दिवसांत दोन माणसं गेली. तेव्हाचा रिवाज असा की साथ आली की गाव मोडायचं आणि रानात पांगायचं. तसं गाव निघालं. पण म्हशींचं काय? रानात एवढ्या जनावरांना पाणी नाही, आणि गोठ्यात सोडून जावं तर न पिळलेल्या म्हशीची कास सुजून ती मरायची. माणसं जनावरांच्या गळ्यात पडून रडत होती म्हणे. तेव्हा कोंडाई म्हणाली, "तुमी जावा. म्या हाय."

ती एकटी राहिली. पस्तीस दिवस. एकतीस गोठे, शंभराच्या आसपास जनावर, आणि एक साठीची बाई. पहाटेपासून पिळायला बसायची ते ऊन डोक्यावर येईस्तोवर, आणि तोवर पहिल्या गोठ्यातली म्हैस पुन्हा ओरडायला लागायची. सगळ्यांना पुरं पडणं कुणालाच शक्य नव्हतं, तिलाही नव्हतं. तरी सगळ्यांत अवघडलेली कुठली हे ऐकून ती तिकडं धावायची. गाव परत आलं तेव्हा एकही म्हैस दगावली नव्हती. कोंडाईच्या हाताची बोटं मात्र वळून आकड्यासारखी झाली होती, ती पुन्हा कधी सरळ झाली नाहीत.

आता असं केल्यावर गाव काय करेल? डोक्यावर घेईल. घेतलंच. तेव्हा गावचा कारभारी होता धाकू. भला माणूस, पण जे करायचं ते थोडं जास्तीच करायचा. त्यानं साऱ्या गावाला वाघजाईच्या देवळात नेलं, बेलभंडार उचलायला लावला आणि शपथ घातली. कोंडाईनं इथून पुढं इकडची काडी तिकडं करायची नाही. तिची म्हैस गाव सांभाळील. तिचं पाणी, सरपण, सारवण गाव करील. दोन वेळचं ताट घराघरातून पाळीपाळीनं जाईल. आणि तिला कुणी शिणवायचं नाही, आपल्या घरचं रडगाणं तिच्या कानी घालायचं नाही. तिनं आपल्यासाठी पुष्कळ सोसलं, आता तिनं निवांत बसावं.

कोंडाईच्या डोळ्यांत पाणी आलं. का येऊ नये? एवढा मान कुणाच्या आईला मिळतो? पहिले दोन-तीन महिने ती खरंच सुखात होती. भरदिवसा झोपायची. आपण भरदिवसा झोपतो याचंच तिला हसू यायचं.

मग हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं. सकाळी घराघरातून रवीचा आवाज यायचा, घर्रर घर्रर, आणि तिचे हात आपोआप दोरी ओढल्यासारखे हलायचे. एकदा राहवेना म्हणून ती शेजारी गेली आणि घुसळखांबाची दोरी हातात घेतली. शेजारणीनं ती झटकन काढून घेतली. "आई, पाप लावता व्हय आमाला?" ती हंडा घेऊन झऱ्यावर गेली तर बायांनी हंडा काढून घेतला, भरला, आणि तिच्याआधी तिच्या घरी पोचवला. त्याहून वाईट म्हणजे ती झऱ्यावर दिसली की बायांचं बोलणं थांबायचं. कुणाची सासू खाष्ट, कुणाचा नवरा ताडीवर, कुणाची म्हैस आटली, सगळं चाललेलं असायचं आणि कोंडाई दिसताच सगळ्या पदर सावरून उभ्या. घरचं रडगाणं तिच्या कानी घालायचं नाही ना! तिनं विचारलं, "काय गं, काय चाललंय?" तर एकच उत्तर, "समदं बरं हाय, आई."

समदं बरं हाय. तीन वर्षं ती हेच ऐकत होती. एकतीस घरांत तीन वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही, हे तिला खरं वाटावं अशी गावाची समजूत होती.

ताट यायचं. वेळेवर यायचं, गरम यायचं, त्यात कधी हयगय झाली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं गावानं म्हातारीला टाकलं. टाकलं नव्हतं हो. फार जपलं होतं. ताट आणणारी बाई ते ओटीवर ठेवायची, लांबून नमस्कार करायची, "आई, ताट," एवढं म्हणायची आणि वळायची. सकाळी दोन शब्द, संध्याकाळी दोन शब्द. पुढं पुढं कोंडाई घरातल्या मेढीशी, म्हणजे मधल्या खांबाशी बोलायला लागली. त्याला शिव्याही द्यायची. पण खांब उलटून बोलेना, तेव्हा तिला शिव्यांतही गोडी राहिली नाही. एक दिवस ताट आणणाऱ्या बाईला काहीतरी सांगायला गेली तर घशातून आवाजच निघाला नाही, नुसती घरघर आली. ती बाई घाबरून दूर झाली, आणि गावात बोललं गेलं की आई आता थकली, तिला आणखी जपायला हवं.

त्या घरात तिची म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती. विरजणाचं गाडगं. ती नांदायला आली तेव्हा सासूनं तिच्या हातात दिलेलं ते विरजण, तिनं पटकीच्या पस्तीस दिवसांतही मोडू दिलं नव्हतं. ताटात वाटीभर दूध यायचं, त्यातलं अर्धं ती पाठीमागच्या अंधाऱ्या खोलीत, शिंक्यातल्या गाडग्यात गुपचूप विरजायची. काम करायला बंदी, म्हणून चोरून. सकाळी झाकण काढून बघायची, दही लागलेलं असलं की तिला बरं वाटायचं. आपण बघितलं नाही तर हे नासेल, एवढ्यासाठी ती उठायची. सकाळी उठायला तिच्यापाशी दुसरं काही कारण नव्हतं.

चौथ्या वर्षी भादव्यात गावावर संकट आलं. दह्याला तार धरायला लागली. आधी एका घरी, मग विरजण इकडचं तिकडं जायचं तसं पंधरवड्यात साऱ्या गावात. रात्री दूध विरजावं आणि सकाळी बघावं तर बुळबुळीत, बोटाला चिकटणारं, आंबूस वासाचं काहीतरी. लोणी निघेना. दोन डोंगर पलीकडून नवं विरजण आणलं, तेही तिसऱ्या दिवशी बिघडलं. तूप नाही तर बाजार नाही, आणि बाजार नाही तर मीठमिरची नाही. देवीला कौल लावले, नारळ फोडले, गोठ्यांत अंगारा फुंकला.

धाकू कारभाऱ्याची बायको एकदा म्हणाली, "कोंडाआईला इचारू या का? तिला दुधातलं कळतं." धाकू तिच्यावर खेकसला. "तिला घोर लावायचा? शपथ इसरलीस? तिच्या कानावर ह्यातलं अक्षर जाता कामा न्हाई!" झालं. साऱ्या गावाच्या दुखण्याचं औषध जिच्या शिंक्यात होतं, तिच्यापासूनच ते दुखणं झाकून ठेवलं. असा घोटाळा फक्त भली माणसंच करू जाणोत.

इकडे कोंडाईच्या ताटातून ताक गेलं. मग लोणी गेलं. कोरडी भाकरी आणि चटणी यायला लागली, वर तेवढं वाटीभर दूध. ताट आणणाऱ्या बाया मान वर करून बघेनात. तिनं विचारलं तर "समदं बरं हाय, आई." मग तिला काय वाटणार? तिला वाटलं, गावाला आपला कंटाळा आला. ताटाला नाही म्हणता येत नाही म्हणून बाया ते आणतायत. आपण ओझं झालो.  तीन वर्षं माणसाच्या बोलण्याला आचवलेली बाई, तिला शेवटी एवढाच अर्थ लागला. तिनं मनाशी ठरवलं. उद्यापासून अन्न घ्यायचं नाही. वाकळ उचलायची, देवीच्या राईत जाऊन पडायचं आणि तिथंच संपायचं. त्या दिवशी तिनं आपलं गाडगं बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली असं सांगतात.

आणि त्याच दिवशी तिन्हीसांजेला ताट घेऊन आली साऊ.

साऊ ही धाकू कारभाऱ्याची धाकटी सून. श्रावणातले सण माहेरी करून पहिल्यांदाच नांदायला आलेली. आणि ती आली त्याच आठवड्यात गावच्या दह्याला पहिली तार धरली, तीही तिच्याच सासरी. मग काय विचारता! पोरगी पांढऱ्या पायाची. सासूनं तिला दुधाला हात लावायची बंदी केली. नवरा बोलेना. अवसेनंतर तिला माहेरी पोचवून यायचं, कायमचं, असं घरात ठरत होतं. ताट पोचवण्याचं काम तेवढं तिच्याकडं दिलं होतं, कारण त्यात बोलायचं नसतं.

साऊनं ताट ठेवलं, म्हणाली, "आई, ताट." आणि वळणार तोच आतून घोगरा आवाज आला.

"ने ते परत. उद्यापास्नं आणू नगंस."

 पोरीला वाटलं, गाव म्हणतं ते खरंच असणार. ही म्हातारी, जिला देवी मानतात, तीसुद्धा आपल्या हातचं अन्न शिवत नाही. ती मटकन ओटीवर बसली. जिथं तीन वर्षं कुणी बसलं नव्हतं तिथं बसली, आणि हुंदके देत म्हणाली, "आई, तुमीबी?"

कोंडाई चमकली. "तुमीबी म्हंजी? आनी कोन?"

मग साऊचा बांध फुटला. शपथ, नियम, काही तिच्या ध्यानात राहिलं नाही. दह्याची तार, नासलेलं दूध, बंद पडलेला बाजार, सासूचे टोमणे, अवसेनंतरचं जाणं, सगळं सगळं. मध्येच नाक ओढत होती, मध्येच पदरानं डोळे पुसत होती. आणि कोंडाई? सांगायला जरा अवघड वाटतं, पण म्हातारीचा चेहरा उजळत चालला होता. पोरगी रडत होती आणि म्हातारी तहानलेल्या माणसानं ओंजळीनं पाणी प्यावं तशी तिचं एक एक गाऱ्हाणं ऐकत होती. म्हणजे ताक नव्हतं म्हणून आलं नव्हतं! आपला कंटाळा नव्हता आला कुणाला!

"तार म्हंजी कशी तार?" ती पुढं सरकली. "बोटाला चिकटती का नुस्ती लोंबती? वास कसा मारतोय? गाडगी कधी भाजलीत? न्हाई ना? आरं येड्यांनो, भादव्याच्या ओलीत गाडगं भाजल्याबिगर इरजण घालतात व्हय? कितीबी नवं आणा, त्येच गाडगं त्येला नासवतंय!"

घोगरा होता तरी आवाज फुटला होता. म्हातारी ताडकन उठली. मांडीवरचं गाडगं अजून तिच्या हातातच होतं. साऊनं आत बघितलं तर पांढरंशुभ्र, घट्ट, बोट लावलं तर खूण उमटेल असं दही. पंधरवड्यात तिनं तसलं दही बघितलं नव्हतं. कोंडाईनं तिला सांगितलं, हिरड्याच्या पाल्यानं गाडगं घास, चुलीवर पालथं घालून लाल होईस्तोवर भाज, निवू दे, दुधात करंगळी सोसेल एवढीच ऊब ठेव. आणि मग ताटातली वाटी रिकामी करून ती चमचाभर दही घालायला लागली.

साऊ मागं सरली. "आई, दिवेलागण झाली. ह्या येळंला इरजण दिलं तर तुमच्या घरची लक्ष्मी जाईल."

कोंडाई हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा. "माज्या घरात लक्ष्मी कवाच न्हाई, बाय. ती आत्ता तू आलीस तवा आली. घे. आनी उद्या परत ये. काय झालं त्ये मला सांगायला ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूच्या घरात सासूला चुलीमागं, साऊनं रात्री चोरून भाजून विरजलेलं गाडगं सापडलं. झाकण काढलं तर आत असं दही की चमचा उभा राहावा. ती ओरडलीच. सारं घर गोळा झालं. कुठनं आणलंस? साऊ खोटं बोलली नाही. मी आईच्या ओटीवर बसले. तिला सगळं सांगितलं. आणि दिवेलागणीला तिच्याकडनं विरजण घेतलं.

दही बघून आनंद करायचा तर तो बाजूलाच राहिला. धाकूचा चेहरा काळाठिक्कर पडला. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ, आणि ती कारभाऱ्याच्याच घरातून मोडली! त्यानं गाव देवळात बोलावलं. साऊला सगळ्यांपुढं उभं केलं. आणि धाकू म्हणाला, "दही लागलं त्ये खरं. पर देवीपुढं दिलेलं वचन मोडलं. हिनं आईला शिणवलं. हिला काय करायचं ते गावानं सांगावं."

कुणी काही सांगायच्या आत देवळाच्या पायरीवर काठी वाजली. कोंडाई आली होती. कित्येक महिन्यांत ती घराबाहेर पडली नव्हती. लोक बाजूला सरले, बायांनी पदर सावरले, आणि नेहमीसारखी शांतता पसरली. म्हातारी त्या शांततेलाच आधी डाफरली.

"बोला की! मी आले की तोंडाला कुलूप का लागतं तुमच्या? म्या काय भूत हाय?"

मग तीच बोलली, आणि तिचं ते बोलणं हिरडखोंडात आजवर एका तोंडातून दुसऱ्या तोंडात आलं आहे. ती म्हणाली, "धाकू, तू मला देवी केलंस. देवीला निवद दावत्यात आनी दार लावून घेत्यात. ती दगडाची हाय, तिला चालतं. मला न्हाई चालत. तुमी म्हनलात, आईला शिणवायचं न्हाई. आरं, शंभर म्हशी पिळून म्या शिणले न्हाई. न बोलून शिणले. कुनी कायबी मागंना म्हनून शिणले. ह्या पोरीनं माज्या ओटीवर बसून रडून दावलं, तवा मला कळलं म्या अजून जित्ती हाय. काल ही आली नसती तर आज तुमी मला राईतनं उचलून आनलं असतं."

धाकू कारभारी खाली बसला. गडी मोठा, पण लहान मुलासारखा रडला म्हणतात. "चुकलं आई," एवढंच म्हणाला. मग डोळे पुसून म्हणाला, "पर शपथ देवीपुढची हाय. ती कशी माघारी घ्यावी?"

"नगं घेऊस," कोंडाई म्हणाली. "ताट येऊ दे. पर ह्यापुढं ताट आननारानं रिकाम्या हातानं माघारी जायाचं न्हाई. इरजण मागायचं, घरचं खरंखुरं सांगायचं, माज्या चार शिव्या खायाच्या. त्याबिगर म्या घास घेनार न्हाई. आनी येळ दिवेलागणीचीच. त्याच येळंला घर खायला उठतं."

शपथ तशीच राहिली आणि तिच्यात हे वाढवलं. देवीनं उजवा कौल दिला. साऊ माहेरी गेली नाही हे सांगायला नकोच. घरोघरची गाडगी हिरड्याच्या पाल्यानं घासली, भाजली, आणि त्या संध्याकाळी उरलेल्या तीसही घरांच्या वाट्या कोंडाईच्या ओटीपुढं आल्या. सगळ्यांचं ऐकून होईस्तोवर चांगलाच अंधार पडला. तीन वर्षांचं तुंबलेलं होतं, एका संध्याकाळीत कसं आवरणार?

थोड्या दिवसांनी तिच्याच ध्यानात आलं की गावात आपण एकट्याच म्हाताऱ्या नाही. कुणाचा लंगडा चुलता गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असतो, कुणाची आंधळी आत्या दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसते. तिनं आपल्या गाडग्यातलं विरजण त्यांनाही दिलं. म्हणाली, आजपासून हे तुमी सांभाळायचं, आणि गावानं तुमच्याकडं यायचं. तरण्या घरांनी विरजण ठेवायचं नाही. धाकूच्या बायकोनं एकदा लबाडी केली म्हणे. रोज कोण जाणार म्हणून चमचाभर दही आपल्याच शिंक्यात लपवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याला हातभर तार. आता ते गाडगं तिनं भाजलं नव्हतं की देवीनं कान उपटला, ते ज्याचं त्यानं ठरवावं. गावात मात्र पुन्हा कुणी तसं करून बघितलं नाही.

कोंडाई त्यानंतर अकरा वर्षं जगली. शेवटच्या दिवशीही तिन्हीसांजेला साऊ ओटीवर बसली होती. तिला आता तीन मुलं होती. त्या दिवशी तिच्या रेडकानं सासऱ्याचं धोतर चघळलं होतं, त्याची हकीकत चालली होती. कोंडाई मेढीला टेकून ऐकत होती. "मग?" तिनं विचारलं. साऊ पुढं सांगत गेली. थोड्या वेळानं तिला कळलं की म्हातारीचा श्वास थांबला आहे. पण ती उठली नाही, ओरडली नाही. रेडकाला कसं पकडलं, धोतर कसं सोडवलं, सासरा काय म्हणाला, सगळं तिनं शेवटापर्यंत सांगितलं आणि मगच माणसांना हाक मारली. नंतर कुणीतरी तिला विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "अर्ध्यात सोडलं असतं तर आईचा जीव घुटमळला असता."

आजही हिरडखोंडात ही रीत चालू आहे. घाटातून डांबरी रस्ता आलाय, खालच्या दुकानात दही पिशवीत मिळतं, पुष्कळ घरांत फ्रिज आहे. तरी दिवेलागणीला वाट्या निघतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हाती विरजणाचं गाडगं देतात त्या दिवशी त्या घरी गोडधोड असतं. एखाद्या घरची वाटी आली नाही तर म्हातारी स्वतः काठी टेकत जाऊन दारात उभी राहते, काय बिघडलं ते विचारायला.

दोन वर्षांमागं बबन नावाचा गडी मुंबईतली गिरणीतली नोकरी आणि नंतरची वॉचमनगिरी संपवून एकटाच गावी परतला. बायको गेलेली, मुलं तिकडंच. महिनाभर घराबाहेर पडला नाही. एका संध्याकाळी सध्याची गावातली सगळ्यात म्हातारी, पारूआजी, त्याच्या दारात जाऊन थडकली. वाटी का येत नाही म्हणून विचारायला लागली. बबन ओशाळला. म्हणाला, "आजी, माझ्याकडं म्हैस नाही. दूधच नाही तर विरजण नेऊन करू काय?"

"म्या दुधाचं इचारलं का तुला?" आजी म्हणाली. "वाटी आन."

तेव्हापासून बबन रोज जातो. आजी त्याच्या वाटीत चमचाभर दही घालते, तो ते तिथंच ओटीवर बसून खातो, आणि आज काय झालं ते तिला सांगतो.